मातीसची कागद कापून केलेली चित्रं: प्रदर्शनात नेमकं काय बघायचं?

प्रश्न:
फ्रेंच चित्रकार आंरी मातीसच्या कागद कापून केलेल्या चित्रांचं प्रदर्शन बघायला जायचं आहे. पुस्तकांत ती घोटीव कागदाचे सपाट तुकडे चिकटवल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात वेगळं काय दिसतं? त्याच्या 'जाझ' या चित्रपुस्तकाची पानं कापलेली की छापलेली? आणि अशा दालनांत उजेड एवढा मंद का असतो?

उत्तर १:
मुळात तो घोटीव कागद नव्हेच. मदतनीस पांढऱ्या कागदावर गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, ब्रशने लावायचे आणि मातीस त्यातून कात्रीने आकार कापायचा. म्हणून समोरून बघून झालं की बाजूला सरकून तिरकं बघा. ब्रशचे फटकारे दिसतील. एकाच आकारात फटकाऱ्यांची दिशा अचानक बदलली, तर बहुधा तिथे जोड आहे. मग टाचणीची भोकं शोधा. तुकडे भिंतीवर टाचून, पुन्हा पुन्हा हलवून जागा ठरायची. चिकटवणं अगदी शेवटी. 1952 च्या चार निळ्या विवस्त्रांपैकी (निळ्या कागदातल्या नग्न स्त्रियांची चित्रं) चौथी आधी सुरू झाली होती. तिच्यात कोळशाच्या रेघा आणि ठिगळं भरपूर आहेत. ती असेल तर तिच्यापाशीच जास्त वेळ घालवा. 'गोगलगाय' (1953) मात्र जवळून कळत नाही. जवळपास 287 सेंमी उंच आणि तेवढीच रुंद आहे, आधी लांबून बघा.

उत्तर २:
'जाझ' छापील आहे. तेरियाद या प्रकाशकाने ते 1947 मध्ये प्रकाशित केलं. 20 चित्रं, स्टेन्सिलमधून गुआश लावून छापलेली. रंग तेच, पण एकावर एक चढलेल्या कागदांच्या कडा आणि त्यांची बारीक सावली गेली. खुद्द मातीसलाही ही छपाई पटली नव्हती. मूळ कात्रणं शेजारी लावली असतील, तर एकाच आकाराची कड दोन्हीकडे ताडून बघा.

उत्तर ३:
उजेडाबद्दल: कागदावरच्या कामांना साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) देतात. काही गुलाबी आणि नारिंगी गुआश प्रकाशाने उडतात, आणि उडालेला रंग परत येत नाही. आत गेल्यावर डोळे सरावायला पाचेक मिनिटं द्या, लगेच पाट्या वाचत सुटू नका. फ्लॅश तर नकोच.

नुकसान फक्त उजेडानेच होतं असं नाही. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयातल्या मातीसच्या 'स्विमिंग पूल'मागचं तरटाचं कापड काळवंडलं, निळ्याशी असलेला त्याचा विरोध बिघडला, आणि शेवटी कागद सोडवून नव्या तरटावर लावावे लागले. तेव्हा चित्रामागची पार्श्वभूमीही बघा, ती रचनेचाच भाग आहे. 'स्विमिंग पूल' मातीसच्या मूळ खोलीत डोक्याच्या जरा वर लावलेलं होतं, म्हणून मान थोडी वर करूनच बघायचं.