चक्रीवादळाआधी पत्र्याचं छप्पर कसं आवळून घ्यावं?

हर्णैकर:
दापोली तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर घर आहे. चिऱ्याच्या भिंती, लोखंडी पाइपचा सांगाडा, वर 0.5 मिमीचे रंगीत पत्रे, सगळे जे-हुकवर (पत्रा पाइपला अडकवणारा जे आकाराचा बोल्ट). काही वॉशर तडकलेत. पडवीवरही तेच पत्रे पुढे ओढलेत. 2020 च्या निसर्ग वादळानंतर गावात बरेच जण छपरावर चिरे ठेवतात. तेवढ्यावर भागेल का? घरी आईवडील दोघंच असतात.

फॅब्रिकेशनवाला:
चिरे अजिबात नकोत. वारा पत्रा दाबत नाही, उचलतो. ताशी 120 किमी वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 65 ते 70 किलो भरतो. म्हणजे 10 बाय साडेतीन फुटी पत्र्यावर सव्वादोनशे किलोच्या आसपास ओढ, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम 13 किलो. कडेला आणि कोपऱ्यांत ओढ याहून जास्त. तिथे पंचवीस-तीस किलोचा चिरा काय धरणार? उलट तोच खाली येतो.

म्हणून पैसे कमी असतील तर आधी कडा करा: वळचण, मोभ आणि दोन्ही बाजूंच्या शेवटच्या ओळी. तिथे पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर पकड हवी, मध्ये एकाआड एक चालेल. जे-हुक जोराच्या ओढीत सरळ होऊन सुटतो. पाइपला पूर्ण वेढा घालणारा यू-बोल्ट घ्या, खाली दोन नट. तडकलेले वॉशर सगळे बदला, पण नवीन आवळताना रबर चेपून बाहेर येईपर्यंत पिळू नका, पहिल्याच पावसात गळेल.

पत्रा पाइपला घट्ट, पण पाइप भिंतीला कसा आहे ते बघा. बऱ्याच घरांत तो चिऱ्यात नुसता सिमेंटने बुजवलेला असतो. मग सांगाड्यासकट छप्पर उठतं. वर काँक्रीटचा पट्टा असेल तर त्यात 12 मिमीचे अँकर बोल्ट आणि प्लेट. चिऱ्यात फास्टनर मारू नका, तो भुसभुशीत, धरत नाही.

पडवीचे पत्रे मात्र मुख्य छपरापासून कापून वेगळे करा. वारा आधी तिच्याखाली शिरतो, आणि पत्रा सलग असला की मुख्य छपरालाही सोबत घेऊन जातो.

हर्णैकर:
यू-बोल्टचं लक्षात आलं. एक शंका: हवा खेळती राहावी म्हणून वादळात एक खिडकी उघडी ठेवावी, असं आमच्याकडे म्हणतात.

बागायतदार:
ते डोक्यातून काढा. वाऱ्याकडची खिडकी उघडली की हवा आत कोंडते आणि छप्पर खालून ढकलते. बाहेरून ओढ, आतून रेटा. बरीच छपरं अशीच जातात. सगळी दारं-खिडक्या बंद, काचांवर बाहेरून 12 मिमी प्लायवूड. चिकटपट्टीचा फुलीचा उद्योग काच वाचवत नाही.

सिंटेक्सची टाकी काठोकाठ भरा. रिकामी उडते, 500 लिटरची भरलेली अर्ध्या टनाची. शिवाय नंतर वीज नसली की पंप बंद, तेच पाणी कामाला येतं. निसर्गनंतर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. घराजवळच्या माडांचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या मेमध्येच उतरवून घ्या. अंगणातलं खोरं, बादली, प्लास्टिकची खुर्ची, सगळं आत.

लाइनमन_निवृत्त:
वारा वाढायला लागला की मेन स्विच बंद. वादळानंतर खाली पडलेली तार मेलेलीच समजू नका. किमान दहा मीटर लांब राहा आणि वीज कंपनीला 1912 वर कळवा. जनरेटर पडवीतही नको, त्याचा धूर घरात साठून माणूस झोपेतच जातो. आणि तो घरच्या बोर्डला थेट जोडला तर उलटा करंट लाइनवर जातो आणि खांबावर चढलेल्या माणसाला लागतो. चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) नसेल तर जनरेटर वापरूच नका.

आईवडिलांना एवढं सांगून ठेवा: जोराचा वारा अचानक थांबला तर बाहेर पडायचं नाही. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर असू शकतो, आणि पुढचा वारा उलट्या दिशेने येतो. आधीच्या वाऱ्याने सैल झालेलं छप्पर त्यातच जातं.

फॅब्रिकेशनवाला:
हे सगळं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. तौक्ते वादळ 2021 मध्ये मेच्या मध्यालाच आलं होतं. किनाऱ्याला वादळाचा इशारा साधारण 48 तास आधी मिळतो, आणि तोपर्यंत तालुक्यातला एकही फॅब्रिकेटर फोन उचलत नाही.