मशीन माळ्यावर टाकलेल्यांनो, एकदा हे वाचा: सीपॅपबरोबरच्या रात्री

दिवाळीत मामेभावाकडे गेलो होतो. पातेलं काढायला वहिनींनी मला माळ्यावर चढवलं, तर तिथे चकलीच्या सोऱ्याशेजारी एक करडी बॅग. उघडली. आत सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडणाऱ्यांनी रात्री मास्क लावून वापरायचं ते, नळी नीट गुंडाळून तिला रबर लावलेलं. "नाही जमलं रे मला ते, गुदमरायला होतं," भाऊ खालूनच म्हणाला. पासष्ट हजार रुपये, वापर नऊ रात्री.

प्रेशर किती होतं? माहीत नाही. मास्क कोणता? दुकानदाराने दिला तो. पुन्हा डॉक्टरांकडे गेलास? कशाला, आजार तर कळला होता.

मी स्वतः सात वर्षं हे लावून झोपतोय. विकणाऱ्याने मला "हे बटण, ही टाकी, इथे पाणी" एवढंच सांगितलं होतं. बाकी सगळं अंधारात चाचपडत शिकलो. तुम्हीही तसेच शिकला असाल, तर ते इथे लिहा. नावं नकोत, गाव आणि किती वर्षं वापरताय एवढं पुरे. आणि आपल्या प्रेशरचा आकडा दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका.

नव्यांसाठी थोडक्यात. आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि श्वासाची वाट मिटते. किमान १० सेकंद श्वास बंद राहिला की तो एक अ‍ॅप्निया. श्वास पूर्ण बंद पडणं आणि अर्धवट अडणं मिळून तासाला किती वेळा होतं, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या आत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. माझा ४७ होता. मशीन ऑक्सिजन देत नाही, हे पाहुण्यांना सांगून थकलो. खोलीतलीच हवा ते दाबाने आत सोडतं, त्या दाबाने वाट उघडी राहते. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली ही युक्ती पहिल्यांदा रुग्णावर करून पाहिली आणि १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. हवा फुंकायला त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती म्हणतात. आमच्या घरी मशीनला "पंप" म्हणतात ते काही अगदीच चूक नाही.

तर माझं. मलाही गुदमरायचं, पण हवा जास्त झाली म्हणून नाही, कमी पडत होती म्हणून. ऑटो मशीन, म्हणजे दाब स्वतःच कमीजास्त करणारं, नवं येतं तेव्हा बहुधा ४ ते २० अशा दाबाच्या खुल्या रेंजवर असतं आणि दुकानदार तसंच हातात देतो. ४ वर मला श्वास पुरेना, कोणी तोंडावर उशी धरल्यासारखं वाटे. दोन महिने मी "आपल्याला बंद जागेची भीती आहे" असं समजून चाललो. शेवटी मशीनमधलं रात्रीची नोंद ठेवणारं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खालचा आकडा ४ चा ७ केला. त्या रात्री सलग पाच तास झोपलो.

भावाचं मशीन तिथेच फराळाच्या टेबलावर सुरू करून पाहिलं. खालचा आकडा ४.

डोंबिवली, शिक्षिका. ४ वर्षं

बायका घोरतात हे आपल्याकडे बोलायचंच नसतं. लग्नकार्यात हॉलवर मुक्काम असला की मी मुद्दाम जागी राहायचे, सगळ्या झोपल्याची खात्री झाली की मग डोळा लागू द्यायचे. घोरण्यासाठी डॉक्टरकडे गेलेच नाही. गेले ती सकाळच्या डोकेदुखीसाठी आणि दिवसभर गळून गेल्यासारखं व्हायचं म्हणून. सातवीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना एकदा डोळा लागला, खडू पडल्याच्या आवाजाने जाग आली. मुलं हसली नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

थायरॉइड झालं, हिमोग्लोबिन झालं, बी-१२ झालं. "पाळी जातेय, होतं असं." पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो, हे मला शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं. रात्री चारदा लघवीला उठायचे, शुगर नसताना. मशीन लावल्यावर तिसऱ्या रात्री एकदाही उठले नाही. श्वास अडला की हृदयावर ताण येतो आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायचा निरोप धाडतं, म्हणून हे उठणं.

मास्कचं मात्र सहा महिने चाललं. पहिला नाक-तोंड झाकणारा, गालांवर वळ. एका पोराने काळजीने विचारलं, "बाई, तुम्हाला कोणी मारलं का?" गळती होते म्हणून मी पट्ट्या आवळायचे, गळती वाढायची. सिलिकॉनची कड फुगायला जागा लागते, आवळली की ती चुरमडते. आता पलंगावर आडवी होते, हवा सुरू करते आणि मगच पट्ट्या लावते, कारण बसलेला चेहरा आणि झोपलेला चेहरा एक नसतो. सध्या नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क आहे. त्यात चष्मा लावून वाचताही येतं.

सांगली जिल्हा, शेती. ३ वर्षं

आमच्याकडं खरा आजार लाईटचा. लाईट गेली की मशीन थांबतं आणि मास्कात माणूस दचकून उठतो. मास्कला भोकं असतात, जीव जात नाही, पण झोप जाते ती जातेच. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता, त्यावर मशीन किरकिर करायचं. साइन वेव्हचा घेतला. तरी बॅटरी पहाटेपर्यंत पुरेना. मग पोरानं शोध लावला की मोटर फार करंट खात नाही, हवा ओलसर करायला टाकीतलं पाणी तापवणारी प्लेट खाते. ती बंद केली तर आख्खी रात्र निघते. उन्हाळ्यात तिची गरजही नाही.

पाण्याचं सांगतो. टाकीत बोअरचं पाणी घातलं, आठ दिवसांत तळाला पांढरं किटण. बायको म्हणाली उकळून घाला. तेच. उकळून जंतू मरतात, क्षार कुठं जातात? आता मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणतो. नसलं तर टाकी कोरडी ठेवतो, पण बोअरचं घालत नाही. आणि ऊसतोड सुरू झाली, पाचट पेटलं की फिल्टर पंधरा दिवसांत काळा. पुस्तकात महिना लिहिलाय. पुस्तक लिहिणारा आमच्या बांधावर आला नसणार.

नाशिक, निवृत्त अभियंता. ९ वर्षं

ज्यांच्या मशीनमध्ये कार्ड आहे त्यांनी ऑस्कर हे मोफत सॉफ्टवेअर पाहावं. आधी स्लीपीहेड होतं, त्याचं काम २०१९ मध्ये थांबलं, तोच कोड उचलून स्वयंसेवकांनी ऑस्कर उभं केलं. (कार्ड संगणकात घालण्याआधी त्याच्या कडेची लॉकची कडी सरकवा, नाहीतर संगणक त्यावर स्वतःच्या फायली लिहून ठेवतो.)

मशीनच्या पडद्यावर माझा एएचआय ३.८ यायचा. छानच. पण दिवसा पेंग जाईना. ऑस्करमध्ये रात्र उलगडून पाहिली तर पहाटे ४ ते ५ या एकाच तासात १९ घटना, बाकी रात्र जवळपास स्वच्छ. सरासरी लबाड असते हे आयुष्यभर कारखान्यात सांगत आलो आणि घरी विसरलो. पहाटे मी उताणा होतो. हिने जुन्या बनियनला पाठीकडून खिसा शिवून त्यात चेंडू घालून दिला. उताणा झालो की टोचतो. दोन आठवड्यांचे आलेख डॉक्टरांना दाखवले, त्यांनी प्रेशरला हातही लावला नाही.

डिसेंबरातली अडचण वेगळी. नाशिकच्या थंडीत टाकीतली गरम वाफ नळीत थंड होऊन पाणी साचतं आणि रात्री दोन वाजता गुळगुळ करत नाकात येतं. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं, नळीला सुती साडीची खोळ केली. नऊवारीतून दोन नळ्यांचं कापड निघालं.

नागपूर. २ वर्षं

मी दीडशहाणा. व्हिडिओ पाहून मशीनमधला डॉक्टरांसाठीचा लपलेला मेनू उघडला आणि प्रेशर ९ चं १३ करून टाकलं. म्हटलं, जास्त हवा म्हणजे जास्त आराम. सकाळी पोट ढोलासारखं, ऑफिसात ढेकर देऊन राहिलो. हवा पोटात जात होती. एएचआय ४ चा १४ झाला आणि त्यातले बहुतेक "क्लिअर एअरवे", म्हणजे घसा उघडाच असतो, पण मेंदूच श्वास घ्यायचा हुकूम देत नाही. दाब वाढवून काहींना हे होतं. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "आपल्यात मशीन कोण चालवतंय ते आधी ठरवू." परत ९.

ठाणे. ८ वर्षं

जून २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने लाखो मशिनं परत मागवली. आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण हवेत येऊ शकतात म्हणून. माझं त्यातच होतं. बदली यायला वर्ष होत आलं. मधल्या काळात काय करायचं ते मनाने ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. आणि मशीनच्या तळाचा सिरीयल नंबर आजच कुठेतरी लिहून ठेवा.

एडिसन, न्यू जर्सी. ५ वर्षं

इथे विम्यातून मशीन मिळतं, पण परीक्षा द्यावी लागते. मेडिकेअरचा (इथला सरकारी विमा) नियम असा: पहिल्या ९० दिवसांत कुठल्याही सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर दिसला पाहिजे. माझ्या खाजगी विम्यानेही तोच लावला. मशीनमधला मोडेम रोज सकाळी वर चुगली करतो. पहिला महिना मी नापास. मग संध्याकाळी सोफ्यावर क्रिकेट बघताना मास्क लावून बसायला लागलो. तास भरायला नाही (बरं, थोडं त्यासाठीही), तर जागेपणी चेहऱ्याला सवय व्हावी म्हणून. मुलीने मैत्रिणींना सांगितलं की डॅड पायलट आहे.

रत्नागिरी. मशीन ह्यांचं, ६ वर्षं

मी वापरत नाही, पण शेजारी झोपते ना. आधी मी घोरणं ऐकत नव्हते, घोरणं थांबलेलं ऐकत होते. थांबलं की मोजायचे. एकदा अडतीसपर्यंत मोजलं आणि ढोसलं. मशीन आल्यावर खोलीत एवढं शांत झालं की पहिल्या आठवड्यात मीच घाबरून उठायचे, नळीला हात लावून हवा येतेय ना पाहायचे.

दोन बारीक गोष्टी. हे रात्री डोक्याला खोबरेल चोपडायचे. तेलाने मास्क घसरतो आणि सिलिकॉन लवकर खराब होतं. आता तेल रविवारी सकाळी. आणि मास्क रोज साध्या सौम्य साबणाने धुऊन सावलीत. डेटॉल नको, ऊनही नको. मागे गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलो तेव्हा मशीन बरोबर नेलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, बरेच जण सांगत नाहीत.

मुंबई–नांदेड, दर महिन्याला

रेल्वेच्या डब्यात ११० व्होल्ट असतात. मशीनच्या अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलंय का बघा, असेल तर चालतं. पण बऱ्याच गाड्यांत २०२१ पासून रात्री ११ ते ५ प्लग बंद ठेवतात. छोटी बॅटरी घेतली. खालचा बर्थ मागा, वरून नळी लोंबते आणि कुणाची तरी पिशवी अडकते.

तोच मामेभाऊ. ९ + ११ रात्री

मशीन खाली उतरवलंय. डॉक्टरांनी खालचा आकडा ६ केला. काल चार तास दहा मिनिटं. पण मास्कमधून हवेची गळती मिनिटाला ३१ लिटर दाखवतंय, दुकानदार म्हणतो २४ च्या आत हवी. दाढी काढू का?

(धागा काढणारा)

आधी पट्ट्या सैल कर. आडवा होऊन. दाढीचं नंतर बघू.