मदत हवी आहे: पाच खेळाडूंसाठी लढतीची काठिण्यपातळी कशी ठरवावी?

नमस्कार. चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या बफर क्षेत्राला लागून असलेल्या एका गावात आम्ही काही मित्र रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रे रंगवत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ च्या नियमांनुसार खेळतो. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा, मी आहे. दोन फायटर, एक रेंजर, एक क्लेरिक आणि एक विझार्ड (हे दोघे मंत्र वापरणारे) अशी पाच पात्रे असून सगळी तिसऱ्या लेव्हलची आहेत. अडचण अशी की, मी आखलेली लढत एक तर लुटुपुटुची ठरते किंवा अनपेक्षितपणे जिवावर बेतते.

आमची मोहीम जंगलातली असल्याने प्रतिस्पर्धी म्हणून वाघ आणणे ओघाने आलेच. नियमपुस्तकातील वाघाला ३७ हिट पॉइंट (मार सोसण्याची क्षमता) आहेत आणि त्याचा आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) केवळ १२ आहे. झुडपातून झेप घेऊन त्याने एका फायटरला खाली पाडले खरे, परंतु त्यानंतर पाच जणांच्या पाच टर्न आल्या आणि दुसऱ्या राउंडमध्ये वाघ संपला. ज्यांना सरपण आणायला जातानाही चार माणसे सोबत घ्यावी लागतात, त्या खेळाडूंना हे मुळीच पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्तच आहे.

पुढे मी लांडग्याची आकडेवारी वापरून आठ रानकुत्र्यांचा कळप आणला. लढतीची काठिण्यपातळी शत्रूंच्या एक्सपीवरून (त्यांना हरवल्याबद्दल मिळणाऱ्या अनुभवगुणांवरून) मोजतात. प्रत्येकी ५० याप्रमाणे ४०० एक्सपी होतात; सात ते दहा शत्रूंसाठीच्या अडीच पटीच्या गुणकाने ते १,००० होतात. आमच्या गटासाठी मध्यम लढतीची मर्यादा ७५० आणि कठीण लढतीची १,१२५ आहे, म्हणजे ही लढत मध्यमच ठरायला हवी होती. प्रत्यक्षात, शेजारी साथीदार असला की प्रत्येक कुत्र्याला अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) मिळत गेला, चावा बसलेले पात्र स्ट्रेंथचा सेव्ह (ताकदीच्या जोरावर बचावासाठी टाकायचा फासा) चुकला की आडवे होत गेले, आणि १७ हिट पॉइंटांचा विझार्ड तीन चाव्यांत बेशुद्ध पडला. २०२४ च्या नियमांत हा गुणक काढून टाकला आहे. त्या हिशेबाने हेच ४०० एक्सपी सर्वांत खालच्या, ७५० च्या मर्यादेपर्यंतही पोहोचत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. दोन लाँग रेस्टच्या (मंत्र आणि ताकद भरून देणाऱ्या पूर्ण विश्रांतीच्या) दरम्यान सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढती होतील, असे २०१४ चे नियम गृहीत धरतात. आम्हाला दुपारचे तीनेक तास मिळतात, कारण अंधार पडण्याआधी प्रत्येकाला घरी पोहोचायचे असते (कापूस वेचणीच्या दिवसांत तर तेवढेही मिळत नाहीत). तेवढ्यात एकच मोठी लढत होते आणि हे विझार्डला पक्के ठाऊक असल्याने तो दुसऱ्या पातळीचे दोन्ही स्पेल स्लॉट (मंत्र वापरण्याच्या मोजक्या संधी) सुरुवातीलाच खर्च करून मोकळा होतो.

वाघाचे हिट पॉइंट नुसते वाढवावेत असे मला वाटत नाही, कारण त्यामुळे लढत लांबते, धोका वाढत नाही. त्याऐवजी त्याला वरच्या पातळीच्या राक्षसांसारख्या लेजंडरी अ‍ॅक्शन द्याव्यात का, म्हणजे खेळाडूंच्या टर्न संपताच त्याला जागा बदलता येईल किंवा पंजा मारता येईल? तिसऱ्या लेव्हलच्या पात्रांपुढे अशा किती अ‍ॅक्शन झेपतात? शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची करण्याचा पर्यायी नियमही पुस्तकात आहे. तो कोणी दीर्घकाळ वापरला असल्यास विझार्ड आणि क्लेरिक खेळणाऱ्यांचा विरस झाला का, हे कृपया कळवावे. शिवाय, कळपातील आठही कुत्री एकदम न आणता आधी तीन आणि दोन राउंडनंतर उरलेली पाच आणली, तर गुणक आठांचा धरावा की दोन वेगळ्या लढतींचा?