मदत हवी आहे: पुरुषाला 'कजाग' म्हणता येतं का?

गणपतीत आमच्या सोसायटीत (कोथरूड) दरवर्षी एक नाटुकलं असतं. यंदा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यात एक काका आहेत, पार्किंगवरून रोज कुणाशी ना कुणाशी जुंपणारे. पाणी कमी आलं तरी भांडण, जास्त आलं तरी भांडण. (कुणावर बेतलंय ते विचारू नका, ते पहिल्या रांगेत बसतात.) मी लिहिलं, "काका भलतेच कजाग आहेत." तालमीला बसलेल्या आत्यानं तिथंच अडवलं. "कजाग बाई असते रे. पुरुष कसला कजाग?"

आत्याचं बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात नळावरची भांडणं ऐकत गेलंय, त्यामुळे या विषयात तिचा अधिकार मोठा. आणि आठवून पाहिलं तर खरंच: कजाग सासू, कजाग बायको, कजाग शेजारीण. कजाग सासरा मी तरी ऐकलेला नाही. कैदाशीण, त्राटिका हेही बायकांच्याच वाट्याला. पुरुष तापट निघाला की तो 'जमदग्नी', म्हणजे नावं ठेवतानाही ऋषिपद!

'भांडकुदळ' दोघांनाही चालतं, पण त्यात नुसती भांडायची खोड दिसते, कजागमधली जरब नाही. 'खाष्ट' म्हटलं तर घरच्यांना छळणारा वाटतो. 'वांड' पोरांना नि बैलांना. मग काय लिहू? शिवाय भाचा म्हणतो, कजाग हे 'कज्जा'वरून आलंय. खरं का?

प्रतिसाद:
खुशाल लिहा. कजाग विशेषण आहे, लिंगानुसार रूप बदलत नाही, व्याकरण आड येत नाही. अडते ती फक्त सवय. भाच्याचं मात्र चुकलं. कज्जा अरबी, त्याच्यावरून 'कज्जेदलाल'. कजाग हा तुर्की-फारसी 'कज्जाक', म्हणजे घोड्यावरून धाडी घालणारा लुटारू. कझाकस्तानातले कझाक आणि रशियातले कोसॅक ही नावंही त्याच कुळातली. म्हणजे शब्द मुळात पुरुषांचाच, बायकांच्या माथी नंतर मारला गेला.

धागाकर्ता:
आभार! आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग आधी घोडा आण. तुझे काका ॲक्टिव्हावर फिरतात."

वाक्य ठेवलंय.