गुरु परत कर्केत जाणार म्हणे, मग ग्रह खरंच मागे जातात का?

गोदाकाठची_सून

नमस्कार मंडळी. घरात दोन दिवस एकच वाद चालू आहे म्हणून इथे विचारतेय, जरा लांबण लागेल. आम्ही पंचवटीत राहतो, रामकुंड चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे सिंहस्थ म्हणजे घरचं कार्य असल्यासारखंच असतं. परवा सासरे पंचांग घेऊन बसले होते, म्हणाले ३१ ऑक्टोबर २०२६ ला गुरु सिंहेत येतोय, त्या दिवशी ध्वजारोहण, पण जानेवारी २०२७ मध्ये तो वक्री चालीने परत कर्केत जातोय आणि जूनच्या शेवटी पुन्हा सिंहेत. माझा मुलगा नववीत आहे, तो लगेच म्हणाला आजोबा, ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने फिरतात, मागेबिगे कोणी जात नाही. सासरे म्हणाले मी डोळ्यांनी पाहिलंय, याच गच्चीवरून. आता दोघंही ऐकायला तयार नाहीत.

खरं काय ते सांगाच, पण मला त्याहून जास्त हे जाणून घ्यायचंय की दुर्बीण नव्हती तेव्हा लोकांना हे सगळं कळलं कसं? आपल्याकडे, बाबिलोनमध्ये, ग्रीसमध्ये? आणि कोडं शेवटी सुटलं कधी? मुलाला शाळेत यावर बोलायचंय, त्यामुळे नुसती सनावळी नको, गोष्ट म्हणून सांगता येईल असं काहीतरी द्या.

आकाश_गंगापूररोड

ताई, दोघंही बरोबर आहेत. मुलगा सूर्यावरून बघतोय आणि आजोबा गच्चीवरून, एवढाच फरक.

नाशिकरोडहून मुंबईला जाताना शेजारच्या रुळावर त्याच दिशेने हळू चाललेली मालगाडी असते बघा. आपली गाडी तिला गाठून पुढे निघते तेव्हा लांबच्या डोंगरांवर नजर ठेवली तर ती मालगाडी मागे मागे घसरतेय असं वाटतं. प्रत्यक्षात ती पुढेच चाललेली असते. पृथ्वी आतल्या रुळावर आहे, वर्षात एक फेरी. गुरु बाहेरच्या रुळावर, त्याला एका फेरीला ११.८६ वर्षं लागतात. साधारण दर तेरा महिन्यांनी आपण त्याला ओव्हरटेक करतो आणि त्या वेळी चारेक महिने तो ताऱ्यांच्या पडद्यावर उलटा सरकताना दिसतो. डोंगरांच्या जागी तारे धरा, बस.

मी हे गेल्या सिंहस्थाच्या आधीच्या थंडीत, म्हणजे २०१४-१५ ला, आलेखाच्या वहीवर मांडलं होतं. मधोमध मघा, म्हणजे सिंहेतला ठळक तारा, काढला आणि दर आठ दिवसांनी गुरु कुठे आहे ते हात लांब करून बोटांनी मोजून पेन्सिलने ठिपका द्यायचा. हात पूर्ण लांब केला की मूठ म्हणजे दहा अंश, दोन बोटं म्हणजे तीनेक अंश. नोव्हेंबरमध्ये ठिपके मघाकडे सरकत होते, मग दाट दाट होत गेले, डिसेंबरच्या सुरुवातीला एकमेकांवरच पडायला लागले आणि नंतर उलट्या दिशेने परत मोकळे व्हायला लागले. तो दाट झालेला भाग बघितला ना तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की "स्तंभी" हा शब्द पंचांगात का असतो. ग्रह खांबासारखा उभा राहतो.

तुमच्या मुलाला आता भारी संधी आहे. डिसेंबर २०२६ च्या मध्यावर गुरु मघाच्या जेमतेम तीन अंश अलीकडे येऊन थांबणार आणि तिथून मागे फिरणार, एप्रिल २०२७ च्या मध्यापर्यंत. डिसेंबरात रात्री दहा-साडेदहानंतर पूर्वेला बघायचं, शहरातल्या लाइटातसुद्धा दिसतो, एवढा ठळक असतो.

निवृत्त_मास्तर_निफाड

वरच्या भावांनी आज काय दिसतं ते छान सांगितलं, मी मागचं सांगतो.

बाबिलोनच्या लोकांनी आकाशाची रोजनिशी ठेवली, ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने खुणा करून, आणि एकदोन वर्षं नाही तर पिढ्यानपिढ्या, सहाएकशे वर्षं. त्यातून त्यांना कळलं की गुरु ८३ वर्षांनी जवळपास त्याच तारखेला त्याच ताऱ्यांपाशी येतो आणि तसाच वक्री होतो. म्हणजे आज काय होणार हे बघायला ८३ वर्षांपूर्वीची पाटी काढायची. आता हेच सिंहस्थाला लावून बघा. गुरुच्या सात फेऱ्या ८४ वर्षांत नाही, ८३ वर्षांत होतात, म्हणून आपण "दर बारा वर्षांनी" म्हणतो खरं पण मधेच कधीतरी एक वर्ष कमी पडतं. त्यात वक्री चालीचा घोळ. मागचं ध्वजारोहण जुलै २०१५ ला होतं, आताचं ऑक्टोबर २०२६ ला, मोजा, सव्वाअकरा वर्षंच होतात.

त्यांच्या चार पाट्या तर अशा आहेत की वाचून मी रात्रभर झोपलो नाही. इसवी सनापूर्वी ३५० ते ५० मधल्या. गुरु सूर्याच्या उजेडातून बाहेर पडून पहाटे पहिल्यांदा दिसतो त्या दिवशी त्याची चाल रोज १२ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरली आणि साठ दिवसांनी ती साडेनऊ कला होते असं धरलं. मग साठ दिवसांत एकूण किती सरकला? त्यांनी समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ काढलं. १२ अधिक साडेनऊ, भागिले दोन, गुणिले साठ. उत्तर ६४५ कला, म्हणजे १० अंश ४५ कला. वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे आपण अकरावीत शिकवतो! युरोपात हा विचार चौदाव्या शतकात आला. या पाट्यांचा अर्थ २०१६ साली मॅथ्यू ओसेनड्रायव्हर या अभ्यासकाने लावला.

ग्रीकांची गोष्ट वेगळी. बाबिलोनला आकडा हवा होता, ग्रीकांना चित्र हवं होतं. टॉलेमीने इसवी सन १५० च्या सुमारास मोठ्या वर्तुळावर छोटं वर्तुळ फिरवलं, ग्रह त्या छोट्या वर्तुळावर, पृथ्वी मधे स्थिर. छोट्या वर्तुळाच्या आतल्या बाजूला आला की ग्रह मागे जाताना दिसतो. खोटं चित्र पण आकडे बरेच जुळायचे, म्हणून चौदाशे वर्षं चाललं.

आपल्याकडे आर्यभट. जन्म ४७६, आर्यभटीय ४९९ चं. त्यांनी ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात गुरुच्या फेऱ्या ३,६४,२२४ दिल्यात. मुलाला मोबाइलवर भागाकार करायला सांगा. ११.८६ येतं. आजच्या मोजमापाशी तुलना केली तर एका फेरीत एका दिवसाचाही फरक पडत नाही. आणि नावेचा दाखलाही त्यांचाच. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू उलट्या जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेला जाताना दिसतात, म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते. गोदावरीत नावेत बसलेल्या पोराला हे समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ग्रहांच्या बाबतीत आर्यभटांनीही पृथ्वी मधेच ठेवली. वक्री चालीसाठी आपल्याकडे "शीघ्र" संस्कार, म्हणजे ग्रहाच्या जागेत करायची दुरुस्ती, असतो, आणि मंगळ, गुरु, शनी तिघांचंही शीघ्रोच्च, म्हणजे ती दुरुस्ती ज्या बिंदूवरून काढतात तो, एका वर्षातच फेरी मारतं, मध्यम (सरासरी चालीच्या) सूर्याबरोबर. टॉलेमीच्या छोट्या वर्तुळातही अगदी हेच. तीन वेगळ्या ग्रहांच्या गणितात सूर्याचंच वर्ष का डोकावतंय? कारण ती पृथ्वीचीच फेरी होती, सगळ्यांच्या गणितात लपून बसलेली. कोपर्निकसने १५४३ मध्ये ती तिथून काढून पृथ्वीला दिली. केपलरने १६०९ मध्ये वर्तुळं टाकून लंबवर्तुळं आणली. कोडं सुटलं ते या दोन पायऱ्यांत.

सातपूरकर

मास्तर माहिती जबरदस्त आहे पण मग आपलं सगळं बाबिलोन आणि ग्रीसहून आलं असं म्हणायचं का? वेदांग ज्योतिष त्याआधीचं आहे ना?

निवृत्त_मास्तर_निफाड

सातपूरकर, तसं अजिबात नाही म्हणायचं. वेदांग ज्योतिषात पाच वर्षांचं युग आहे, १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास, आणि २७ नक्षत्रं ही आपली पक्की जुनी मिळकत. बारा राशी मात्र बाबिलोनकडून ग्रीकांमार्फत आल्या. केंद्र, होरा, लिप्ता हे शब्द ग्रीक आहेत आणि वराहमिहिराने पंचसिद्धांतिकेत रोमक आणि पौलिश हे बाहेरून आलेले सिद्धांत उघडपणे दिलेत, लपवाछपवी केली नाही. तसंच उलटंही झालं. आपलं गणित आठव्या शतकात बगदादला गेलं, आपली "ज्या" अरबीतून लॅटिनमध्ये गेली आणि तिचं "साइन" झालं. मुलं त्रिकोणमितीत साइन म्हणतात तेव्हा संस्कृत शब्दाचंच नातवंड उच्चारतात. देवाणघेवाण झाली म्हणून आर्यभटांचा नावेचा दाखला लहान होतो का? मला तर उलट तो जास्त मोठा वाटतो, सगळं जग एका बाजूला आणि हा माणूस म्हणतो पृथ्वी फिरते.

चाळीसगावहून

मास्तरांच्या पोस्टमध्ये आमच्या गावाकडचं राहिलं म्हणून लिहितोय. नाशिकहून मनमाडमार्गे चाळीसगाव दोन-अडीच तासांवर आहे, तिथून पुढे पाटणादेवी. तिथल्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. यादव राजा सिंघणाच्या काळातला लेख, भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी ११५० चा. त्यात यंत्रांवर अख्खा अध्याय आहे, आणि सगळी यंत्रं सांगून झाल्यावर ते धीयंत्राला, म्हणजे बुद्धीला, सगळ्यात वरचं स्थान देतात.

आणि घरातलं पंचांग हवं असेल तर गणेश दैवज्ञ. कोकणातल्या नांदगावचे, ग्रहलाघव १५२० चं. महाराष्ट्रातली पंचांगं कित्येक शतकं त्यावरून चालली. त्यांनी जुने सिद्धांत आकाशाशी ताडून बघितले, ज्या ग्रहाला जो जुळला तो घेतला, आणि गुरु घेतला तो आर्यपक्षाचा. म्हणजे आर्यभटांच्या परंपरेतला गुरु हजार वर्षांनीही आकाशाशी जुळत होता! ताई, हे तुमच्या सासऱ्यांना नक्की सांगा.

अँटेना_सिन्नर

मी फक्त गुरुपुरतंच बोलते, कारण पुढची गोष्टही त्याच्याच भोवती फिरते. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओने दुर्बीण गुरुवर लावली आणि शेजारी तीन बारीक तारे एका रेषेत दिसले. रोज जागा बदलायला लागले, आठवड्याभरात चौथाही सापडला. ते गुरुचे चंद्र. सगळं पृथ्वीभोवतीच फिरतं हे त्या रात्रींनी मोडलं. मग १६७६ मध्ये रोमरने त्यातल्या आयोची ग्रहणं मोजली, पृथ्वी गुरुपासून लांब असली की ग्रहण उशिरा दिसतं, म्हणजे उजेडाला यायला वेळ लागतो. प्रकाशाला वेग आहे हे माणसाला गुरुने शिकवलं!

आणि १९५५ मध्ये बर्क आणि फ्रँकलिन या दोघांना २२.२ मेगाहर्ट्झवर गुरुकडून रेडिओ लहरी येताना सापडल्या. नाशिक-पुणे हायवेने जाताना नारायणगावच्या पुढे खोडदला त्या भल्यामोठ्या तबकड्या आहेत ना, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या, त्या आकाशातल्या अशाच रेडिओ लहरी ऐकतात. विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, तिथे लोकांना बघायला देतात. मुलाला घेऊन जा. मी बारावीत असताना गेले होते, तबकडी जाळीची असते, तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं, एवढा मोठा सांगाडा हळूच वळतो तेव्हा आवाजही जाणवत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी फिजिक्सच घ्यायचं ठरवलं.

आकाश_गंगापूररोड

अजून एक, कुणी विचारायच्या आत. राशी मोजायच्या दोन पद्धती आहेत. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा, ताऱ्यांमधून सरकतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश, आणि आता फरक २४ अंशांचा झालाय. म्हणून त्या संपातापासूनच्या सायन मोजणीत गुरु जून २०२६ च्या शेवटीच सिंहेत जातो आणि ताऱ्यांवरून मोजणाऱ्या आपल्या निरयन पंचांगात ऑक्टोबरात. मकरसंक्रांत १४ जानेवारीला पण दिवस मोठा व्हायला लागतो २२ डिसेंबरच्या आसपास, तेही याच कारणाने. मुलाला नेटवर वेगळी तारीख दिसली तर गोंधळू नको म्हणावं.

गोदाकाठची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवणं झाल्यावर तुमच्या सगळ्या पोस्ट मोठ्याने वाचून दाखवल्या. मालगाडीचं उदाहरण ऐकून सासरे म्हणाले हां, हे पटलं. मुलाने भागाकार केला, ११.८६०८ आलं, तर तो परत परत तेच बटण दाबत बसला.

मग सासऱ्यांनी पंचांगातून एक गोष्ट काढली ती तुम्हाला सांगायलाच हवी. ३१ ऑगस्ट २०२७ च्या श्रावण अमावास्येच्या स्नानाला सूर्य, चंद्र आणि गुरु तिघंही सिंहेत. म्हणजे गुरु सूर्याच्या अगदी जवळ, अस्त पावलेला. ज्याच्यासाठी एवढी माणसं गोदेवर येणार तो त्या दिवशी कुणालाच दिसणार नाही. सासरे हे सांगून गप्प बसले आणि मुलगा म्हणाला, आजोबा, म्हणजे तो तिथे आहे हे फक्त गणितातूनच कळतं? सासरे म्हणाले हो, आणि ते गणित ज्यांनी केलं त्यांच्याकडे कॅल्क्युलेटर नव्हता.

आलेखाची वही आणलीय. मघा आजोबांनीच काढून दिला, मधोमध, लाल पेनने. गच्चीवर पूर्वेला समोरच्या बिल्डिंगचा हॅलोजन येतो, त्याचं काय करायचं ते सांगा फक्त.

आकाश_गंगापूररोड

पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहा आणि बाहेर आल्यावर दहा मिनिटं मोबाइल बघू नका. एखाद्या शनिवारी जमलं तर गंगापूर धरणाच्या बाजूला या, माझी छोटी दुर्बीण असते, चारही चंद्र दाखवतो. आजोबांसाठी खुर्ची मी आणतो.