विकायच्या घराची बाग करावी का? माझं मत, अजिबात नको

पिवळं_पान
घर विकायला काढलंय. बैठं घर, पुढे बऱ्यापैकी मोकळी जागा, मागे थोडी. एजंट येऊन बघून गेला आणि म्हणाला घर ठीक आहे पण बाहेरचं एकदा नीट करून घ्या, लँडस्केपवाला मीच देतो. त्या लँडस्केपवाल्याने जो आराखडा पाठवलाय त्यात नवीन लॉन, दगडी पायवाट, जमिनीतले दिवे, कोपऱ्यात कारंजं, काय वाट्टेल ते आहे. बायको म्हणते करू, मी म्हणतो नको. ज्या बागेत आपण बसणारच नाही तिच्यावर पैसे कशाला घालायचे? घेणारा वर्षाच्या आत निम्मं उखडणार, कुणाला दुसरी गाडी लावायला जागा हवी असते, कुणाला पोरांना खेळायला मोकळं हवं असतं, कुणाच्या घरी दोन दांडगे कुत्रे असतात. त्यापेक्षा खर्चाएवढी रक्कम किमतीतून सोडून द्यावी, विषय संपला. आणि पुढचं मोठं झाडही काढावं म्हणतोय, पाला पडून फोटोत अंगण घाण दिसतं. पटत नसेल तर बिनधास्त लिहा पण कारण घेऊन या, नुसतं 'छान दिसतं हो' नको.

फाटकाबाहेरून
नाही पटत. किंमत सोडू म्हणणं सोपंय, पण किती सोडणार? ओसाड अंगण बघणाऱ्याला माळीकामाचे दर माहीत नसतात, तो मनात जो आकडा धरतो तो बहुतेक वेळा खऱ्या खर्चापेक्षा मोठाच असतो, वर डोक्याला ताप होणार त्याचे वेगळे. आणि तो तिथे थांबतही नाही. गुडघाभर तण दिसलं की लगेच मनात येतं, यांनी एवढं साधं केलं नाही म्हणजे छत, टाकी, वायरिंग सगळीकडे हीच बोंब असणार. हे सगळं तो घरबसल्या मोबाईलवर फोटो बघूनच ठरवून टाकतो, तुमच्या फाटकापर्यंत येतच नाही. जो आलाच नाही त्याला तुम्ही सूट कशी देणार?

कारण हवं होतं ना, आकडाही देते. अमेरिकेत नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स म्हणून एजंटांची संघटना आहे, त्यांचा घराबाहेरच्या कामांवरचा 2023 चा रिपोर्ट आहे. अख्ख्या लँडस्केपची सुधारणा केली तर खर्चाच्या 100 टक्के परत येतात असं त्यात दिलंय. म्हणजे तुमचं काहीच जात नाही.

पिवळं_पान
100 टक्के परत म्हणजे माझ्या हातात शून्यच ना? मग फुकटची धूळ, मजुरांच्या मागे फिरणं, रोज पाण्याचा पाईप धरून उभं राहणं कशासाठी? व्याज धरलं तर तोटाच.

तीन_तेरा
ताई, तोच रिपोर्ट थोडा पुढे वाचायचा की. त्याच यादीत लॉनची नेहमीची देखभाल, म्हणजे खत आणि तणाचा बंदोबस्त, 217 टक्के आहे. बागेची डागडुजी 104. पाण्याची ऑटोमॅटिक सिस्टीम 83, बागेतले दिवे 59, स्विमिंग पूल 56. काम जितकं साधं तितकी वसुली जास्त आणि जितकं झगमगीत तितकी कमी, हा क्रम तुमच्याच बाजूच्या कागदावर आहे आणि तो धागाकर्त्याला पूरक आहे.

दुसरं म्हणजे हे आकडे खरेदीखतं उघडून काढलेले नाहीत. खर्चाचा अंदाज लँडस्केपवाल्यांच्या संघटनेचा आणि वसुलीचा अंदाज एजंटांचा. दोघांनाही काम झालेलं आवडतं. मी खोटं म्हणत नाहीये, पण 217 हा आकडा तोंडावर फेकण्याआधी तो कुणी सांगितलाय ते बघावं. (आणि देखभालीचा टक्का एवढा मोठा का दिसतो? कारण खर्चच इवलासा आहे. टक्केवारीत हे असंच होतं.)

फाटकाबाहेरून
मान्य, अंदाज आहेत. पण तुमच्या बाजूने तर अंदाजही नाहीये, नुसती कुरकुर आहे :)

खुरपं
मी माळीकाम करतो, पोटापाण्याचा धंदाच हा, तरी सांगतो तो आराखडा परत पाठवा.

बजेटचं नंतर, आधी हे सांगा की घर दाखवायला कधी सुरुवात करणार? लॉनचे तयार गालिचे अंथरले की त्याच दिवशी हिरवंगार दिसतं पण ते अजून जमिनीचं झालेलं नसतं. मुळं धरायला साधारण दोन आठवडे, नीट खाली उतरायला महिना दीड महिना, तेवढे दिवस पाणी चुकवायचं नाही आणि त्याच्यावर चालायचं नाही, आणि घर बघायला येणारी माणसं नेमकी तिथूनच चालणार, लहान पोरं तर उड्याच मारणार. बी पेरलं तर याहून उशीर. त्यात घराभोवतीची माती बहुतेक ठिकाणी बांधकामाच्या वेळी ट्रक आणि माणसांनी दाबून दगड केलेली असते, खाली विटांचे तुकडे, सिमेंटचा राडा. ती न उकरता वर चार बोटं लाल माती पसरून गालिचा टाकला तर पाणी खाली मुरत नाही, मुळं वरच्यावर राहतात, आणि गिऱ्हाईक यायच्या आठवड्यात चट्टे पडतात. पिवळे चट्टे पडलेलं नवीन लॉन हे जुन्या मोकळ्या अंगणापेक्षा वाईट दिसतं कारण तिथे काहीतरी फसलंय हे आंधळ्यालाही कळतं.

तुम्ही आधीच दुसरीकडे राहायला गेला असाल आणि हे घर रिकामं असेल तर नवीन लागवड करूच नका. पाणी कोण घालणार? मोठं झाड आणून लावलं तर त्याला पहिलं वर्ष दोन वर्षं तरी लक्ष द्यावं लागतं, ते पैसे सरळ सरळ नव्या मालकाच्या बेफिकिरीवर लावलेले.

मग करायचं काय, तर हाताने होणारी कामं. खिडक्यांवर चढलेली झुडपं खाली आणा, याचा फायदा बाहेरपेक्षा आत जास्त होतो, खोल्या उजळतात आणि उजळलेली खोली मोठी वाटते. पण छाटणी करताना झाड कोणतं ते बघा, काही झुडपांना जुन्या फांदीवर कळ्या येतात, ती छाटली की त्या मोसमात फुलं विसरा. आहे त्या गवताची कड फावड्याने सरळ कापून घ्या, एवढ्याने जागा नीटनेटकी वाटायला लागते, लोकांना कळतही नाही काय बदललं. वाफ्यातलं तण काढून पाच ते सात सेंटिमीटर आच्छादन टाका, सालीचे तुकडे किंवा वाळका पाला काहीही, फक्त खोडाला चिकटवू नका, खोड कुजतं. दाराशी फुलं हवीतच तर कुंड्यांमध्ये लावा. घर गेलं की कुंड्या तुमच्या, फक्त त्या सोबत नेणार हे आधीच बोलून घ्या नाहीतर शेवटच्या दिवशी कुंडीवरून भांडणं होतात, बघितलीत मी.

पिवळं_पान
हे पटतंय. म्हणजे मी बरोबरच होतो, लँडस्केपिंग नको.

कोरडं_जोतं
एवढ्यात जिंकू नका. दिसण्याचं सगळे बोलले, पाण्याचं कुणीच नाही बोललं. तुमच्या अंगणाचा उतार कुठे आहे? घराकडे असेल तर तिथे पैसे घालायलाच लागतील आणि ते लँडस्केपिंगच आहे, फक्त फोटोत दिसत नाही. भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये जमीन साधारण 15 सेंटिमीटर खाली उतरलेली हवी, अमेरिकेतल्या घरबांधणीच्या कोडमध्येही असंच माप आहे. आणि भिंतीला टेकून केलेले फुलांचे वाफे तर मला बघवत नाहीत. दर वर्षी माती आणि खत घालून घालून वाफा वर चढतो, जोत्यातला ओल अडवणारा थर मातीखाली जातो, मग आतल्या भिंतीचा रंग सुटतो आणि माणूस रंगाच्या कंपनीला शिव्या देत बसतो. तो थर मातीच्या वर निदान 15 सेंटिमीटर उघडा दिसला पाहिजे. हे दुरुस्त करायला फावडं, घमेलं आणि दोन माणसं पुरतात बऱ्याचदा. मातीचा बांध धरणारी भिंत असेल तर तिची पाणी जायची भोकं बुजलीत का तेही बघा, मागे पाणी साचलं की भिंत पुढे फुगते, आणि फुगलेली भिंत बघितली की घेणारा घासाघीस करत नाही, सरळ निघून जातो.

घर_शोधतोय
मी पलीकडच्या बाजूचा माणूस, सध्या घरं बघत फिरतोय. मला ताजी ताजी बाग दिसली की पहिला संशय येतो. भिंतीलगतच नवीन वाफा का केला? इथेच नवीन फरशी का बसवली, खाली ड्रेनेजचं झाकण आहे का? मी तर पाऊस पडून गेल्यावर सांगितल्याशिवाय जाऊन बघतो. माझ्यासाठी जुनी, जराशी अघळपघळ पण जिवंत बाग बरी, ती खोटं बोलत नाही. आणि त्या कारंज्याला मी पंप, शेवाळ आणि डास असं वाचतो.

फाटकाबाहेरून
तुमच्यासारखे संशयी किती असतात हो? बाकीचे लोक दारात उभं राहिल्या राहिल्या ठरवतात, मग उरलेला वेळ त्या निर्णयाला कारणं शोधतात. माझा मुद्दा अजून तिथेच आहे. आजूबाजूच्या सगळ्या घरांपुढे व्यवस्थित बागा असतील आणि तुमच्याकडे नुसती माती, तर फोटोंच्या रांगेत तुमचंच घर उघडं पडणार. तिथे खुरपंभाऊंची कड कापून भागणार नाही, कापायला गवत तर हवं.

खुरपं
हे मात्र खरंय ताई. शेजाऱ्यांच्या बरोबरीला आणायचं, त्याच्या पुढे जायचं नाही. गल्लीतली सगळ्यात भारी बाग करून गल्लीतला सगळ्यात भारी भाव मिळत नाही, भाव त्या भागाच्या आसपासच राहतो. नुसती माती असेल तर पसरणारी, कमी पाण्यावर जगणारी रोपं दाट लावा आणि मध्ये खडी टाका. काही महिने हातात असतील तरच हं.

तीन_तेरा
झाडाचं कुणीच काही बोललं नाही, तर मी बोलतो. काढू नका. डोनोव्हन आणि बट्री या दोघांचा 2010 चा अभ्यास आहे, ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांवर, आणि तो अंदाजांवर नाही, प्रत्यक्ष विक्रीच्या किमतींवर बेतलेला आहे. घरासमोर झाडं असली तर किंमत वाढलेली दिसली आणि घर सरासरी 1.7 दिवस लवकर विकलं गेलं. हे दिवस ऐकून हसू येतं कबूल आहे, पण किमतीतला फरक हसण्यासारखा नव्हता. आता हा एका शहराचा अभ्यास, तिथली टक्केवारी तुमच्या अंगणाला चिकटवू नका. पण मोठं झाड ही बागेतली एकच गोष्ट आहे जी पैसे देऊनही पुढच्या महिन्यात मिळत नाही. पाला झाडायला झाडू पुरतो.

कोरडं_जोतं
सहमत, एक अट घालून. झाड भिंतीच्या फार जवळ असेल आणि माती चिकण असेल तर आधी पाया तपासून घ्या. चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसते, झाड तिच्यातलं पाणी ओढतं, मग भिंतीला तिरक्या भेगा जातात. आणि उगाच घाबरून तोडूही नका, जुनं झाड एकदम काढल्यावर तीच माती परत पाणी धरून फुगू शकते. जाणकाराला दाखवा. बऱ्याच ठिकाणी मोठं झाड तोडायला परवानगीही लागते, ऐन विक्रीच्या वेळी ती भानगड कशाला?

पिवळं_पान
बरं. झाड राहिलं. उतार उद्या पाणी ओतून बघतो. लॉन, दिवे, कारंजं बाद. पण एजंटला काय सांगू? तो म्हणतो हे केलं नाही तर तो सांगतोय त्या किमतीला घर जाणार नाही.

तीन_तेरा
त्याला विचारा, लँडस्केपवाल्याकडून तुम्हाला काय मिळतं. आणि म्हणावं ती जास्तीची किंमत लेखी द्या, नाही आली तर तुमच्या कमिशनमधून वजा करतो.

फाटकाबाहेरून
अहो असं बोलून एजंट घालवून बसाल. सरळ सांगा आधी साफसफाई करतो, चांगल्या उजेडात फोटो काढू, महिनाभर लोक काय म्हणतात बघू. चार जणांनी बाहेरच्या बाजूवरून नाक मुरडलं तर तेव्हा पायवाटेचं बघा. आणि दिवे मात्र सगळे बाद करू नका, निदान फाटक ते दार तरी ठेवा, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर घर बघायला येणारे अंधारात ठेचकाळतात.

घर_शोधतोय
दिव्यांना माझाही पाठिंबा. तरी किंमत मी पाडूनच मागणार.