राइनोत कांडी रिव्हॉल्व्ह केली पण प्रिंटला जाईना

धोटा_सोलापूर:
नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे साधे पॉवरलूम आहेत, धोट्यात (मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारा भाग) बसणाऱ्या कांडीचा (धागा गुंडाळायची नळी) प्लास्टिक नमुना थ्रीडी प्रिंट करून बघायचाय म्हणून राइनो (थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) शिकालोय. बाहेरच्या आकाराची कर्व्ह काढली, मधल्या रेषेभोवती रिव्हॉल्व्ह मारलं (म्हणजे गोल फिरवली), स्क्रीनवर कांडी झकास दिसालीय, पण स्लायसर (प्रिंटसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) म्हणतंय मॉडेल उघडं आहे. कांडी आरपार पोकळ आहे आणि आतलं भोक टोकाकडं निमुळतं होत जातं. काय चुकतंय?

टर्नर_अण्णा:
अहो तुम्ही नुसतं कातडं काढलंय, त्याला जाडी कुठाय? दोन्ही टोकं उघडीच राहणार. कॅप कमांड मारा, सपाट तोंडं बंद होतात, विषय संपला.

रेषावाला:
अण्णा, कॅप मारली तर भोकच बुजेल ना, भरीव दांडका होईल. मग आतून बूलियननं (एका आकारातून दुसरा वजा करून) कोरत बसा. त्यापेक्षा कांडी मधोमध उभी चिरली तर एका बाजूला जी भिंत दिसेल तेवढीच काढायची, बाहेरची रेघ, आतल्या भोकाची तिरकी रेघ आणि वर-खाली दोघींना जोडणाऱ्या छोट्या रेघा. सगळं जॉइन करून एकच बंद कर्व्ह करा आणि ३६० अंश फिरवा, आपोआप बंद सॉलिड मिळतं. ही कर्व्ह अक्षाला चिकटवायची नाही, मधे जे अंतर राहतं तेच तुमचं भोक. आणि अक्ष नजरेनं ठेवू नका, ० टाइप करून ओरिजिनवरनं घ्या आणि ऑर्थो (रेघ आडवी-उभी सरळच ठेवणारी सोय) चालू ठेवून सरळ ओढा. तो तिरका झाला तर भोक एका तोंडाला लहान, दुसऱ्याला मोठं होतं, आणि कर्व्ह अक्षाच्या पलीकडं गेली तर सरफेस स्वतःलाच कापतो.

टर्नर_अण्णा:
बरोबर, पोकळ आहे ते मी वाचलंच नाही नीट 😄 भरीव वस्तू असती, समजा कळस, तर उलटं, तिथं कर्व्हचं टोक अक्षाला टेकायलाच पाहिजे, नाहीतर शेंड्याला बारीक भोक राहतं. आणि एक, रिव्हॉल्व्ह कमांडमधलं डिफॉर्मेबल हे ऑप्शन नो ठेवा. यस केलं की खरं वर्तुळ जाऊन जवळपासचा गोल येतो, मऊ आकार ओढाताण करायला ठीक, मोजमापाच्या कामाला नको.

धोटा_सोलापूर:
झालं अण्णा! बंद कर्व्हनं एका दमात. शोएजेस कमांडमधे नेकेड एज (उघड्या कडा) शून्य दाखवालंय. आता बुडाशी रिंगा बसवायच्या खाचा राहिल्यात, त्या वेगळ्या कापू का?

रेषावाला:
वेगळ्या कशाला, त्याच कर्व्हमधे पायऱ्या काढा आणि कोपऱ्यांना फिलेटही (गोलाई) तिथंच द्या, सॉलिड झाल्यावर फिलेट देताना जास्त रडवतं. कर्व्ह डिलीट करू नका, लेयर बंद करून ठेवा, साइज बदलली की परत फिरवायला लागेल.